आजोबांची धातूच्या अस्तराची सिगारपेटी ठाण्याच्या हवेत वापरायची कशी?

नौपाडाकर
९ जून, रात्री १०:२०

आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला जातेय. माळा रिकामा करताना आजोबांची सिगारपेटी खाली आली. आजोबा बॅलार्ड इस्टेटमधल्या एका बोटीच्या कंपनीत नोकरीला होते. त्यांचा साहेब १९४८ साली विलायतेला परत गेला तेव्हा त्यांना ही पेटी देऊन गेला. आजोबांनी आयुष्यात सिगार ओढली नाही, त्यामुळे पेटी आजीच्या ताब्यात गेली आणि तिने त्यात जायफळ, वेलदोडे, सुंठ असं किमती सामान ठेवलं. अजूनही झाकण उघडलं की जायफळाचा वास येतो.

पेटी बाहेरून महोगनीची आहे, साधारण १४ इंच लांब, ९ रुंद, ६ उंच. आत पूर्ण धातूचं अस्तर आहे, रंगाने चांदीसारखं. तळाच्या कोपऱ्यांत चांदी उडून लाल धातू दिसतो आणि तिथे हिरवट डाग आहेत. सांध्यांवर पांढरी पूड आहे. झाकणात भोकं असलेली पितळी चपटी डबी आहे, तिच्यात वाळून दगड झालेला स्पंज.

माझा धाकटा भाऊ मर्चंट नेव्हीत आहे. दर खेपेला पंचवीस सिगार आणतो, पाचसहा ओढतो, बाकीच्या माझ्याकडे सोडून पुन्हा बोटीवर जातो. गेल्या दोन पावसाळ्यांत त्यातल्या जवळजवळ सगळ्या बुरशीने गेल्या. आता त्याची इच्छा आहे की आजोबांची पेटी त्याच कामाला यावी, ज्यासाठी ती बनली. मलाही ते मनापासून हवंय. पण मला यातलं काही कळत नाही, आणि पाऊस दारात आला आहे. कुणी अशी पेटी वापरलीय का?

तळ्याकाठी
९ जून, रात्री ११:०५

पेटी जपा, पण तंबाखू ती तंबाखूच. सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून ती निर्धोक होत नाही. तोंडाचे आणि घशाचे कर्करोग सिगारनेही होतात. माझ्या घरात हे पाहिलंय म्हणून लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

नौपाडाकर
९ जून, रात्री ११:३०

तुमचं म्हणणं पूर्ण मान्य आहे. भावाशी यावर बोलणं झालंय, अजूनही होतं. घरात ओढायची नाही हा नियम आईने घातलाय आणि तो पाळला जातो. वर्षाला पाचसहा हे त्याचं प्रमाण आहे. मला इथे फक्त पेटीबद्दल मदत हवीय.

कल्हईदार
१० जून, सकाळी ८:१५

आत चांदीसारखं आणि खाली लाल, म्हणजे तांब्यावर कल्हई आहे हो! कोपऱ्यांत कल्हई उडाली आणि तांबं कळकलं. घरच्या पातेल्यासारखंच आहे. कल्हईवाल्याकडून नवी करून घ्या, काम झालं.

सुतारपक्षी
१० जून, सकाळी ९:५०

घाई नको. मी गेली बावीस वर्षं जुन्या लाकडी वस्तूंची दुरुस्ती करतो, दुकान कोपरीत आहे. कल्हई करताना भांडं तापवून नवसागर टाकतात आणि कथील फिरवतात. कथील वितळतं २३२ अंशांना. पातेलं ते सोसतं. इथे पत्र्याच्या पाठीला महोगनी चिकटून आहे आणि बाहेर लाखेचं पॉलिश आहे. पॉलिशला फोड येतील, लाकूड तडकेल आणि पत्र्याचे सांधे स्वतःच वितळून सुटतील, कारण झाळ, म्हणजे सांधे जोडणारा धातू, कथलाच्याही आधी पाघळते. अस्तर सुटं करून कल्हई करायची तर ते उचकटावं लागेल, आणि एकदा उचकटलेला पत्रा पुन्हा तसा बसत नाही.

आणखी एक. पेटी बाहेरून स्पिरिटने पुसू नका. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. ऐंशी वर्षांची झिलई एका बोळ्यात निघून येईल. कोरडं मऊ फडकं पुरेसं आहे.

ऐरोलीचे_काका
१० जून, दुपारी १२:४०

नौपाडाकर, त्या पांढऱ्या पुडीला हात लावू नका. पेटी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. आणि त्यातलं जायफळ, सुंठ घरात वापरात असेल तर आजच थांबवा.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं काढली. सांगतो ते नीट वाचा. लाल धातू तांबं, चांदीसारखा थर कथलाचा, इथपर्यंत कल्हईदार यांचं बरोबर आहे. पण त्या काळी पत्र्याचे सांधे कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाने झाळत. बंद पेटीत लाकडातून हळूहळू आंबूस वाफा निघत राहतात, ॲसिटिक आणि फॉर्मिक आम्लाच्या. त्या शिशावर बसल्या की कालांतराने पांढरी पूड तयार होते. संग्रहालयांत ओकच्या खणांत ठेवलेल्या शिशाच्या वस्तूंचं असंच होतं. तुमची पूड फक्त सांध्यांवर आहे, म्हणून मला शिशाचाच संशय आहे.

खात्री करण्यासाठी ऑनलाइन शिसं तपासण्याच्या काड्या मिळतात. सोडियम ऱ्होडिझोनेट लावलेल्या असतात. ओली काडी सांध्यावर घासा. गुलाबी ते लाल झाली तर शिसं.

कोपऱ्यांचा हिरवा थर चिंच, लिंबू, व्हिनेगर किंवा पितांबरीने काढण्याचा मोह होईल. आपण ठाणेकर आहोत, पितांबरी गावचीच. पातेल्याला ती उत्तम. इथे नको, कारण आंबट काहीही शिशाला लागलं की शिशाचे विरघळणारे क्षार होतात आणि ते फटीत जाऊन बसतात. सिगारच्या परदेशी व्हिडिओंत बुरशी पुसायला व्हिनेगर सांगतात, तेही तुमच्या पेटीला चालणार नाही.

मसालेवाला_वाशी
१० जून, दुपारी ३:१०

सुंठ वाचली आणि थांबलो. आमचा एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये गाळा आहे. पेटीतले सुंठीचे तुकडे उजेडात धरून बघा. टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं आहेत का? असली तर तो सिगारेट बीटल. लालसर तपकिरी, तिळापेक्षा लहान, डोकं खाली वाकवून चालतो. हळद, मिरची, धणे, सुंठ यांत तोच किडा पडतो आणि तंबाखूतही तोच. नावच त्याचं तंबाखूवरून पडलं. आमच्याकडे गोदामात त्याच्यासाठी वासाचे चिकट सापळे लावतात.

नौपाडाकर
१० जून, रात्री ९:४५

काका, जायफळ-सुंठ वापरात नव्हती, तरी सगळं टाकून दिलं. मसालेवाले दादा, टाकण्याआधी पाहिलं. तीन तुकड्यांत भोकं होती. जिवंत किडा दिसला नाही. तपासणीच्या काड्या मागवल्यात.

जुन्या_वस्तूंचा_नाद
११ जून, सकाळी १०:३०

एक विनंती. जे कराल ते उलट करता येईल असंच करा. अस्तर उपसू नका, आत काही डिंकाने चिकटवू नका, नवीन रबर लावू नका, झाकणातली डबी उखडू नका. स्पंज काढून नाव लिहिलेल्या पिशवीत ठेवा. उद्या तुमच्या मुलीला ही पेटी जशी होती तशी परत करावीशी वाटली तर ते एका संध्याकाळीत व्हायला हवं.

झाकणाच्या कुलपावर किंवा अस्तराच्या कडेवर बारीक अक्षरांत काही कोरलंय का तेही भिंग घेऊन पाहा. त्या काळात लंडनच्या ओल्ड बाँड स्ट्रीटवरचं बेन्सन अँड हेजेस, जे १८७३ पासूनचं दुकान, अशा पेट्यांवर आपलं नाव घालत असे. डनहिल या लंडनच्याच तंबाखूच्या दुकानाच्याही असत.

खारघरची_अनघा
११ जून, रात्री १०:५०

नौपाडाकर, मी आणि नवरा दोघंही सिगार जमवतो. सहा पावसाळे खारघरमध्ये काढलेत. यातलं एक वर्ष तुमच्यासारख्याच पेटीने पूर्ण बुडवलं, म्हणून सविस्तर लिहिते.

२०१९ मध्ये चोरबाजारातून तांब्याच्या अस्तराची पेटी आणली. परदेशी माहितीत जे वाचलं ते सगळं केलं. स्पंज डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवला, आतून ओलं फडकं फिरवलं, सत्तर टक्के आर्द्रता साधायची म्हणून रोज पाहत बसले. जुलैअखेर चाळीस सिगार हिरव्या-पांढऱ्या लवीने भरल्या होत्या आणि तळाशी पाण्याचे थेंब होते. मी त्या दिवशी खूप रडले, कारण त्यातल्या दहा माझ्या वडिलांनी दिलेल्या होत्या.

चूक कुठे झाली ते नंतर कळलं. ही पेटी आणि तिच्याबद्दलचे सगळे सल्ले कोरड्या, थंड घरांसाठी आहेत. तिथे खोली तापवतात, हवा सुकते, आणि सिगार वाळून भुगा होऊ नये म्हणून पेटीत पाणी घालावं लागतं. धातूचं अस्तर त्याचसाठी. आत ओला स्पंज ठेवायचा तर ती ओल महोगनीच्या सांध्यांपर्यंत जाऊन लाकूड फुगू नये. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाणी घालायचा प्रश्नच नाही, ते बाहेर ठेवायचा प्रश्न आहे. आणि धातू या बाबतीत काहीही मदत करत नाही. तो ओल आत घेत नाही, सोडत नाही.

हे आकड्यांत बघा. तुमच्या पेटीत आतून साधारण साडेसात लिटर जागा असेल. २४ अंशांना ७० टक्के आर्द्रतेच्या तेवढ्या हवेत एकूण पाणी असतं जेमतेम ०.११ ग्रॅम. चिमूटभरही नाही. म्हणून धातूच्या पेटीत थोडं काही झालं तरी हायग्रोमीटरचा, म्हणजे आर्द्रता मोजायच्या यंत्राचा, काटा पाच-दहा टक्क्यांनी उडतो. आता त्यात ५०० ग्रॅम लाकडाचा ट्रे ठेवा. लाकडातली ओल एका टक्क्याने बदलली तरी ५ ग्रॅम पाण्याची देवघेव होते, म्हणजे हवेतल्या सगळ्या पाण्याच्या चाळीसपटीहून जास्त. लाकूड हे धरण आहे. तुमच्या पेटीत धरणच नाही.

थेंब का येतात तेही सांगते. पावसाळ्यात ३० अंशांच्या ८० टक्के दमट हवेत दर घनमीटरला २४ ग्रॅम पाणी असतं. एसी लावून खोली २४ अंशांवर आणली की ती हवा जास्तीत जास्त २२ ग्रॅम धरू शकते. उरलेलं सगळ्यात आधी थंड धातूवर बसतं. नुसत्या हवेतून आलेलं पाणी फार नसतं, पण स्पंज ओला असला तर तो पुरवठा करतच राहतो. रात्री एसी चालू, दिवसा बंद, हे चक्र रोज.

म्हणून माझं म्हणणं असं: स्पंज बाद. पाणी बाद. आत सैल लाकडी ट्रे. आणि दोन्ही बाजूंनी काम करणारी ६५ टक्क्यांची बोवेडाची पाकिटं, जी हवा कोरडी असेल तर ओल देतात, दमट असेल तर घेतात. ६० ग्रॅमचं एक पाकीट साधारण पंचवीस सिगारांना. ७० टक्के विसरा. आपल्या तापमानाला ६५ च बरं, आणि क्यूबन सिगार तिथे जास्त चांगल्या पेटतातही.

सुतारपक्षी
१२ जून, सकाळी ९:२०

अनघाताईंनी लाकडाचा मुद्दा काढला तर त्यात एक फार मोठी फसगत होते ती सांगतो. परदेशात या ट्रेला स्पॅनिश सीडर म्हणतात. लोक माझ्याकडे येऊन देवदार मागतात. देवदार हा खरा सीडर आहे, त्यात इतकं तेल असतं की महिन्याभरात सिगारला टर्पेंटाइनसारखी चव येईल. स्पॅनिश सीडर हे सीडर नव्हेच, महोगनीच्या कुळातलं झाड आहे, शास्त्रीय नाव सेड्रेला ओडोराटा. त्याचा आपल्याकडचा सख्खा भाऊ म्हणजे तून. पूर्वी वनस्पतीशास्त्रात तूनालाही सेड्रेलाच म्हणत. आपल्या देशात सिगारचे डबे तूनाचे बनत. लालसर, हलकं, मंद गोड वासाचं लाकूड आहे.

सागवान नको, त्यात तेल आहे. पाइन नको, राळ सुटते. प्लायवूड आणि एमडीएफ तर अजिबात नको, त्याच्या गोंदातून फॉर्मल्डिहाइड येतं आणि काकांनी सांगितलेल्या शिशालाही ते वाईट. रे रोडच्या लाकूड बाजारात नीट विचारलं तर तून मिळतो. सहा मिलिमीटर जाडीच्या फळ्या काढून घ्या. कोपरे खाचेने जोडायचे, खिळा नको, फेविकॉल नको. ट्रे अस्तरापासून चारी बाजूंनी दोन-तीन मिलिमीटर सुटा राहिला पाहिजे.

खारघरची_अनघा
१२ जून, सकाळी ११:००

आणि भावाच्या जुन्या सिगारच्या डब्यात दोन थरांमध्ये पातळ लाकडी पापुद्रा असतो ना, तो फेकू नका. ते स्पॅनिश सीडरच असतं. ट्रेच्या तळाला अंथरा.

ऐरोलीचे_काका
१२ जून, दुपारी १:३०

एक गोष्ट जोडतो. नवा लाकडी ट्रेही आंबूस वाफा सोडणारच. म्हणजे सांध्यावरचं शिसं तसंच उघडं ठेवलं तर पूड पुन्हा येईल. ट्रे ठेवण्याआधी सांधे बंद करायला हवेत.

नौपाडाकर
१६ जून, रात्री ९:१५

काड्या आल्या. चारही सांध्यांवर काडी लाल झाली. मधल्या पत्र्यावर काही नाही. काका, तुमचा संशय खरा निघाला. आता पुढे काय?

ऐरोलीचे_काका
१६ जून, रात्री १०:००

घाबरू नका. शिसं साध्या तापमानाला वाफ होऊन हवेत जात नाही. धोका पुडीचा आहे, ती बोटाला लागून तोंडात जाण्याचा. म्हणून कोरडा ब्रश, खरकागद, व्हॅक्यूम यांतलं काही वापरायचं नाही. रबरी हातमोजे घाला. खाली प्लास्टिक पसरा. कापडाचे तुकडे डिस्टिल्ड वॉटर आणि दोन थेंब सौम्य साबणात ओले करून पिळून घ्या आणि एका दिशेने पुसा, एक तुकडा एकदाच. मग नुसत्या पाण्याचे तुकडे. सगळे पिशवीत बांधून टाका. पेटी दोन दिवस उघडी वाळू द्या. हिरवा डाग चोळून पूर्ण काढायचा अट्टहास नको, सुटा भाग निघाला की पुरे.

सांधे बंद करायला सुतारपक्षी यांनी चपडा लाखेचं सांगावं.

सुतारपक्षी
१७ जून, सकाळी ८:४०

चपडा लाख, मेण काढलेली, नव्या स्पिरिटमध्ये पातळ विरघळवून. बारीक ब्रशने फक्त सांध्यावर दोन हात, मध्ये एक दिवस. लाख खाण्याच्या गोळ्यांवरही चढवतात, त्यामुळे त्याची धास्ती नको. वाफ अडवण्यात ती फार चांगली आहे. आणि जुन्या_वस्तूंचा_नाद यांची अटही पाळली जाते, स्पिरिटने कधीही काढता येईल. ब्रश बाहेरच्या पॉलिशवर जाऊ देऊ नका, कडेला कागदी टेप लावून घ्या. स्पिरिटचा वास जायला झाकण उघडं ठेवून दोन आठवडे तरी द्या.

झाकण नीट बसतं का तेही बघा. दहाची नोट अर्धी आत अर्धी बाहेर ठेवून झाकण लावा आणि ओढा. चारी बाजूंना सारखी अडकली पाहिजे.

नौपाडाकर
१७ जून, रात्री ९:३०

मागच्या उजव्या कोपऱ्यात नोट सरळ निघून येते.

सुतारपक्षी
१७ जून, रात्री ९:५५

बिजागरीचे स्क्रू सैल आहेत. भोकात बांबूची बारीक काडी घाला, डिंकाशिवाय, आणि जुनाच स्क्रू हाताने फिरवा. नवीन जाड स्क्रू मारू नका, महोगनी चिरेल.

चाफेकळी
१८ जून, सकाळी ७:३०

विषय माझा नाही पण वाचत राहिले. जायफळाच्या वासाचं काय करणार? तो सिगारला लागणार नाही का?

खारघरची_अनघा
१८ जून, सकाळी १०:१०

इथे धातूचं अस्तर उपयोगी पडतं. लाकडी पेटीत आजींचं जायफळ कायमचं मुरलं असतं. धातू पुसला की वास जातो. उरलेला झाकणाच्या लाकडी कडेत असेल, त्यासाठी दोन आठवडे उघडी ठेवतानाच वाटीत कोळशाची पूड ठेवा, ॲक्टिव्हेटेड चारकोलची.

मधुमालती_काकू
१८ जून, दुपारी ४:००

माझे मामा तिरुचिरापल्लीचे चिरूट ओढायचे. पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, दुसरं काही नाही. चिरूट हा शब्दच तमिळ सुरुट्टुवरून आला, म्हणजे गुंडाळी. मामांच्या खोलीचा तो वास आज तुमचा धागा वाचून पन्नास वर्षांनी पुन्हा आला.

खारघरची_अनघा
१८ जून, संध्याकाळी ६:२०

काकू, किती छान. ते चिरूट कोरडेच ओढायचे असत, म्हणून डबा पुरत असे. हवाना सिगारचं पान तसं वाळलं की तडकतं.

नौपाडाकर
६ जुलै, रात्री १०:१५

ताजी हकीकत. पुसून झालं, लाखेचे दोन हात झाले, बिजागरी घट्ट झाली, नोट आता चारी बाजूंना अडकते. तूनाचा ट्रे कोपरीहून तयार होऊन आला, वास फार सुंदर आहे. आम्ही आता पाचपाखाडीत भाड्याच्या घरात आहोत. अनघाताई, परदेशी माहितीत लिहिलंय की नवा ट्रे आधी ओल्या फडक्याने पुसून मुरवावा. करू का?

खारघरची_अनघा
६ जुलै, रात्री ११:००

अजिबात करू नका! बरं झालं विचारलंत.

लाकूड भोवतालच्या हवेप्रमाणे ओल धरतं. ६५ टक्के आर्द्रतेला साधारण १२ टक्के. आपल्या जुलैतल्या ८५ टक्क्यांना १७ ते १८. तुमचा ट्रे कोपरीच्या दुकानातून भर पावसात आलाय, तो आत्ताच फुगलेला आहे. तसाच पेटीत ठेवलात तर १७ वरून १२ वर येताना २५ ग्रॅम पाणी सोडेल आणि ते सगळं सिगारमध्ये जाईल. एक पाकीट एवढं पाणी पिऊ शकत नाही, टम्म फुगून बसेल. तुम्हाला लाकूड मुरवायचं नाही, सुकवायचं आहे.

स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ट्रे तोला, आकडा लिहून ठेवा. एसीच्या खोलीत आठवडाभर उभा करून ठेवा, रोज तोला. वीस-पंचवीस ग्रॅम कमी झाला आणि आकडा थांबला की तयार.

तोवर हायग्रोमीटरची मिठाची परीक्षा उरकून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यावर थेंब थेंब पाणी, ओल्या वाळूइतकं ओलं, पाणी वर तरंगता कामा नये. झाकण आणि हायग्रोमीटर झिपच्या पिशवीत बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी ७५ दाखवायला हवं. ७९ दाखवलं तर तुमचा काटा चार जास्त सांगतो, तेवढे कायम वजा करा.

नौपाडाकर
१४ जुलै, रात्री ९:००

ट्रे ५९२ वरून ५६८ ग्रॅमवर आला आणि दोन दिवस तिथेच आहे. हायग्रोमीटर मिठात ७८ दाखवतो, म्हणजे तीन वजा. भाऊ मंगळवारी उतरतोय, पंचवीस सिगार घेऊन.

मसालेवाला_वाशी
१४ जुलै, रात्री ९:४०

सिगार थेट पेटीत ठेवू नका, आधी फ्रीझर! या किड्याची अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि ३० अंशांचं दमट हवामान त्याला सगळ्यात मानवतं. थंड देशांत तो झोपून राहतो, इथे नाही. दोन झिप पिशव्यांत हवा काढून बंद करा, उणे १८ अंशांना चार दिवस ठेवा. मग एक दिवस खालच्या फ्रिजमध्ये, मग एक दिवस बाहेर. पिशवीवरचं दव पूर्ण वाळेपर्यंत उघडायची नाही. एकदम बाहेर काढली तर पान चिरतं.

पेटीही स्वयंपाकघरापासून लांब. मिरची-धण्याचा वर्षाचा साठा जिथे असतो त्या खोलीत कधीच नाही.

खारघरची_अनघा
१४ जुलै, रात्री १०:३०

शंभर टक्के. आणि पेटीची जागा बेडरूमच्या कपाटात, आतल्या भिंतीकडचा खालचा कप्पा. बाहेरच्या भिंतीला लागून नको. पेटीला गोधडी गुंडाळा. एसी चालू-बंद झाला तरी आतलं तापमान हळूहळू बदलेल, मग थेंब येत नाहीत. मे महिन्यात मात्र गोधडी पुरणार नाही, तेव्हा सिगार वाइन कूलरमध्ये १८ अंशांवर न्याव्या लागतील. आम्ही तसंच करतो.

नौपाडाकर
२६ ऑगस्ट, रात्री ९:५०

जुलैअखेरपासून रोज आकडा लिहितोय. ६४ ते ६६, तापमान २४-२५. फक्त एकदा भीती वाटली. गणपतीची तयारी म्हणून चार दिवस गावी गेलो आणि इथे एसी पूर्ण बंद. परत आलो तर आत २९ अंश, ७० टक्के. मसालेवाले दादा, फ्रीझरचा सल्ला तेव्हा कामी आला असं मी मानतो. एकेक सिगार उजेडात फिरवून पाहिली, एकही भोक नाही, भुकटी नाही. दोन दिवसांत आकडा पुन्हा ६५ वर आला. पाकीट थोडं फुगलं होतं, ते बदललं.

ऐरोलीचे_काका
२६ ऑगस्ट, रात्री १०:२०

सांधे?

नौपाडाकर
२६ ऑगस्ट, रात्री १०:३५

स्वच्छ आहेत काका. ट्रे उचलून टॉर्चने पाहिले. लाखेवर काडी फिरवली, रंग बदलला नाही.

ऐरोलीचे_काका
२६ ऑगस्ट, रात्री १०:४०

छान. दर सहा महिन्यांनी काडी फिरवत जा. एकीकडेही लाल झाली तर त्या सांध्याला पुन्हा एक हात द्या.

नौपाडाकर
९ नोव्हेंबर, रात्री १०:००

भाऊ परवा आला. पेटी मी त्याच्यासमोर उघडली. त्याने एक सिगार काढून कानाजवळ हलकेच दाबली, करकर वाजली नाही, बोट काढल्यावर परत फुगली. म्हणाला, दादा, विकत घेतली तेव्हा होती तशीच आहे. गच्चीत जाऊन ओढली. आईने पेटीचा वास घेतला आणि म्हणाली, जायफळ गेलं वाटतं. तिला थोडं वाईट वाटलं असावं, म्हणून आजीची जायफळाची किसणी मी झाकणातल्या रिकाम्या पितळी डबीशेजारी ठेवणार होतो, पण अनघाताईंनी व्यक्तिगत निरोपात नको म्हटलं. ती आता देवघरात आहे.

भिंगातून पाहिलं तेव्हा कुलपाच्या पट्टीवर नाव नाही, फक्त एक आकडा आहे. पेटीत आत्ता एकोणीस सिगार आहेत. हिवाळ्यात दुपारची हवा कोरडी होते, तेव्हा पाकीट लवकर कडक होईल का?

खारघरची_अनघा
९ नोव्हेंबर, रात्री १०:२५

होईल. पाकिटाच्या कडा कडक लागल्या की बदला, मध्यभाग कडक व्हायची वाट पाहू नका. जानेवारीपर्यंत एक जादा आणून ठेवा.